झुंड घरी येण्याआधी: टाकीची तयारी

दुकानात जाण्याआधी घरी बसून एकच गोष्ट पक्की करा, ती म्हणजे टाकीत कोणती झुंड ठेवायची. झेब्रा डॅनियो, टायगर बार्ब, निऑन टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा हे सगळे झुंडीने राहणारे मासे, आणि प्रत्येकाला आपल्याच जातीची सोबत लागते. दोन हे, तीन ते, दोन आणखी कुठले असे निवडून आणले तर टाकी भरलेली दिसते, पण आतला प्रत्येक मासा एकटा पडतो. झाडांमागे दडतो, फिका पडतो, नीट खात नाही. एका जातीचे किमान आठ ठेवा, जमलं तर दहा-बारा. टाकी लहान असेल तर जाती कमी करा. झुंडीतली संख्या कमी करू नका.

टायगर बार्बच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. सहा-सात सेंटिमीटरचा हा मासा दिवसभर पाठशिवणी खेळत असतो आणि झुंडीत सतत मानापमान चालू असतात. आठ-दहा असले की ही खेचाखेची सगळ्यांत वाटली जाते. तीन-चारच असले तर त्यातला सर्वांत दुबळा रोज मार खातो. झुंड मोठी असली तरी एंजलफिश, गुरामी, फायटर किंवा लांब शेपटीचे गप्पी यांच्यासोबत ठेवू नका, कारण लोंबते पर दिसले की हे कुरतडायला जातात. निऑन टेट्राही या गोंगाटात बुजून जातो. शांत टाकी हवी असेल तर निऑन आणि रासबोरा, धावपळ आवडत असेल तर बार्ब किंवा डॅनियो, असा सरळ निवाडा करून टाका.

आता टाकी. या माशांना उंचीपेक्षा लांबी हवी. झेब्रा डॅनियो जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, पण क्षणभर थांबत नाही, म्हणून त्याला आणि टायगर बार्बला 90 सेंटिमीटर लांबीची टाकी द्यावी. निऑन किंवा रासबोराची एक झुंड 60 सेंटिमीटरमध्ये सुखाने राहते. 90 × 45 × 45 सेंटिमीटरच्या टाकीत जवळपास 180 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 180 किलो. काच, वाळू, दगड धरले तर दोनशेच्या वर जातं. टाकी भरण्याआधी स्टँड हलत नाही ना आणि पातळीत आहे ना ते तपासा, कारण भरलेली टाकी नंतर सरकवता येत नाही. खिडकीचं थेट ऊन टाळा. झाकण हवंच, डॅनियो उड्या मारतात आणि पाइपसाठी ठेवलेल्या फटीतूनही बाहेर पडतात.

ताशी टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा फिल्टर घ्या. हीटर साधारण लिटरमागे एक वॅट या हिशेबाने, सोबत वेगळा थर्मामीटर. बहुतेकांना 24 ते 26 अंश सेल्सिअस मानवतं. डॅनियोला त्याहून थोडं थंडही चालतं. तळाला गडद वाळू टाकली तर माशांचे रंग खुलतात. झाडं मागे आणि दोन्ही बाजूंना लावा, मधली जागा पोहायला मोकळी सोडा. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड वाळूत पुरू नका, सडतं, लाकडाला बांधा.

सर्वांत जास्त वेळ मात्र पाण्यालाच द्यायचा आहे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. तो कल्ले जाळतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, तेही विषारीच, कारण त्याने रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर वाढतात आणि त्यांना वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी दोन-चार मासे टाकीत सोडून त्यांच्यावर हे जिवाणू वाढवायचे आणि मग माशांची भर घालत जायची, ही रीत झुंडीच्या माशांसाठी वाईट. पहिले काही मासे विषही सोसतात आणि एकटेपणही. त्याऐवजी मासे नसतानाच टाकी चालू करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन काढायचं औषध टाका. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी असणारं रसायन) तसा जात नाही, म्हणून औषधच बरं. मग सुगंध किंवा साबण नसलेला द्रव अमोनिया जिवाणूंचं खाणं म्हणून इतका घाला की पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) दिसेल. तो उतरला की पुन्हा घाला. आधी अमोनिया उतरू लागेल, मग नायट्राईट चढून उतरेल. ज्या दिवशी 2 पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य येतील, त्या दिवशी पाणी अख्ख्या झुंडीसाठी तयार झालं. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर हे काम लवकर उरकतं. मासे आणण्याआधी निम्म्याहून जास्त पाणी बदला.

खरेदीच्या दिवशी दुकानातली टाकी नीट पाहा. एकाही माशावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले, किंवा कोणी पर मिटून कोपऱ्यात उभा असला, तर त्या टाकीतला मासा घेऊ नका. घरी आणखी मासे असतील तर नवी झुंड दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. घरी आल्यावर दिवा बंद ठेवा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला आणि मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी खायला घालू नका.

पहिले दोन आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राईट तपासा. दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं द्या. आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदला आणि स्पंज धुवायचा झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा, नळाखाली नको. दुसरी झुंड आणायची असेल तर निदान महिनाभर थांबा, आणि तीही एकदमच, पूर्ण संख्येने आणा.