जुना मोबाइल नंबर आणि आधारची पीडीएफ: डिजिटल ओळख सांभाळताना या चुका टाळा

डिजिटल ओळख म्हणजे फेसबुकवरचा फोटो आणि नाव, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बँक, ईमेल आणि सरकारी सेवा आपल्याला ओळखतात ते मुख्यतः मोबाइल नंबरवरून. म्हणूनच नंबर बदलताना होणारी चूक मला सर्वांत गंभीर वाटते.

माझ्या आत्याने नवे सिम घेतल्यावर जुन्या नंबरचे रिचार्ज करणे सोडून दिले. बँकेत तिने नवा नंबर आठवणीने नोंदवला, पण ईमेलला आणि आधारला जुनाच जोडलेला राहिला. पुढे ईमेलचा पासवर्ड विसरला तेव्हा ओटीपी जुन्या नंबरवर जाऊ लागला, आणि तिथे फोन लावला तर एक अनोळखी गृहस्थ बोलले. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सुदैवाने तिच्या टॅबवर ईमेल अजून सुरू होता, त्यामुळे त्यावर आलेल्या सूचनेला होकार देऊन खाते परत मिळाले. आधारसाठी मात्र केंद्रात जाऊन रांगेत उभे राहावे लागले. तेव्हा जुने सिम बंद पडू देण्याआधी बँक, आधार, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि डिजिलॉकर (कागदपत्रे ऑनलाइन ठेवण्याची सरकारी सोय) या प्रत्येक ठिकाणी नवा नंबर नोंदवून घ्यावा.

दुसरी चूक झेरॉक्सच्या दुकानात घडते. आपण आधारची पीडीएफ दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, पासवर्डही तोंडी सांगतो, आणि प्रिंट घेऊन निघतो. फाइल त्याच्या संगणकावरच राहते. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, एवढाच तो पासवर्ड असल्याने ओळखीच्या माणसाला तो सहज ताडता येतो. जिथे चालेल तिथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्यावे, झेरॉक्सवर कारण व तारीख लिहून सही करावी आणि दुकानातली फाइल आपल्यासमोर पुसून घ्यावी. यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. आधारचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे, डोळे यांवरून होणारी ओळख, लॉक करून ठेवण्याची सोयही मोफत आहे.

आपल्या कागदपत्रांवर भलत्यानेच सिम घेतले असल्याची शंका आली, तर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावरचे नंबर पाहता येतात आणि अनोळखी नंबर आपला नसल्याचे तिथेच कळवता येते. फोनची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आली नाही, तर नेटवर्कचा दोष समजून थांबू नये, कारण कोणी आपल्या नंबरचे दुसरे सिम काढलेले असू शकते. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवावे. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा राहते.