गाजराचे बी उगवेपर्यंतची काळजी
गाजराची रोपे दुसरीकडे तयार करून लावू नयेत, कारण कोवळ्या मुळाला इजा झाली की पुढे त्याला फाटे फुटतात. बी थेट वाफ्यातच, साधारण १ सेंटिमीटर खोल पेरावे. त्याआधी माती वीतभर भुसभुशीत करून खडे वेचावेत आणि न कुजलेले शेणखत घालू नये. खरी कसोटी पेरणीनंतर लागते: हे बी उगवायला १० ते २० दिवस घेते, आणि तेवढ्या काळात मातीचा वरचा थर सुकून कडक झाला तर नाजूक अंकुरांना तो फोडून वर येता येत नाही, म्हणून वाफ्यावर ओले गोणपाट अंथरून झारीने हलके पाणी देत राहावे व पहिले कोंब दिसताच गोणपाट काढावे. रोपे बोटभर झाली की, जीव कितीही हळहळला तरी, दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवून विरळणी करावीच, म्हणजे मधली जादा रोपे उपटून टाकावीत.