रेफरीने मॅच घालवली असं म्हणण्याआधी काय काय तपासायचं

१८ ऑक्टोबर २०१५, रविवार, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजत आले होते आणि तिकडे लंडनला ट्विकनम स्टेडियमवर पाऊस पडत होता. रग्बी वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, स्कॉटलंड ३४ ऑस्ट्रेलिया ३२, शेवटची दोन-तीन मिनिटं. लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला बॉल दोन रांगांच्या मधे आत फेकतात तो, स्कॉटलंडचाच होता, बॉल लांब फेकला, कुणाच्या हातात नीट बसला नाही, पुढे उडाला आणि पुढे असलेल्या जॉन वेल्शने तो पकडला. रेफरी क्रेग जुबेरने ऑफसाइडची शिट्टी मारली, ऑस्ट्रेलियाला पेनल्टी, म्हणजे किक मारून तीन पॉइंट घ्यायची संधी, बर्नार्ड फोलीने ती मारली, ३५-३४, संपलं. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीने, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेने, स्वतःच जाहीर केलं की तो निर्णय चुकला होता, तिथे पेनल्टी नाही, ऑस्ट्रेलियाला स्क्रम (दोन्ही टीम एकमेकींना रेटतात आणि मधे बॉल टाकतात तो) मिळायला हवा होता.

मी पुढची काही वर्षं भेटेल त्याला सांगत होतो की स्कॉटलंडला रेफरीने हरवलं. नंतर एकदा ती मॅच पहिल्या मिनिटापासून परत बघितली, वही घेऊन बसलो, आणि माझं मत पूर्ण बदललं नाही पण बरंच हललं. तेव्हापासून अशा प्रत्येक मॅचला मी हेच करतो, ते कसं करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी तीन प्रश्न वेगळे करा. निर्णय चुकला का, त्या चुकीने निकाल बदलला का, आणि एका टीमवर अन्याय झाला का. आपण भांडताना तिन्ही एकाच वाक्यात कोंबतो आणि मग समोरचा एकाचं उत्तर देतो, आपल्याला वाटतं तो दुसऱ्याचं देतोय, आणि रात्र तशीच जाते.

पहिला प्रश्न सोपा वाटतो पण रग्बीत तोच अवघड आहे. क्रिकेटमध्ये एक बॉल संपला की खेळ थांबतो, एलबीडब्ल्यूचा एक निर्णय वेगळा काढून तपासता येतो. रग्बीत टॅकल झाला, म्हणजे बॉलवाल्याला खाली पाडलं, की बॉलवर दोन्ही टीमचा घोळका जमतो, त्याला रक म्हणतात, त्या दोन-तीन सेकंदांत टॅकल करणाऱ्याने बाजूला व्हायचं असतं, पडलेल्याने बॉल सोडायचा असतो, बॉल चोरायला आलेल्याने स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं, आणि बाकीच्यांनी मागून, सरळ यायचं असतं. एकाच रकमध्ये दोन्ही टीमच्या दोन-दोन चुका असू शकतात आणि रेफरी त्यातली एक निवडतो. अशा ठिकाणी ‘चूक’ हा शब्द जपून वापरा, कारण तुम्हाला दिसलेली चूक खरी असते आणि रेफरीने दिलेली पण खरी असते. म्हणून रकच्या निर्णयांवर मी वहीत फक्त प्रश्नचिन्ह टाकतो आणि फुली फक्त तिथे मारतो जिथे उत्तर एकच आहे, म्हणजे बॉल पुढे पडला की नाही, पाय लाइनच्या बाहेर गेला की नाही, असं.

तपासताना नियम माहीत असावा लागतो, अंदाजाने चालत नाही. जुबेरचीच केस घ्या. आपल्या टीममधल्या कुणाकडून बॉल पुढे पडला आणि पुढे उभं राहून तुम्ही तो खेळलात तर ऑफसाइड, इथपर्यंत बरोबर. पण मधे समोरच्या टीमचा खेळाडू मुद्दाम बॉल खेळला की तुम्ही ऑनसाइड होता, आणि रिप्लेमध्ये ऑस्ट्रेलियाचा निक फिप्स मधे बॉलला हात लावताना दिसतो. एवढ्या एका स्पर्शावर सगळं फिरतं. आणि लोक विचारतात की मग त्याने टीव्ही अंपायरला का नाही विचारलं, तर त्या वेळच्या नियमात अशा निर्णयासाठी टीएमओकडे, म्हणजे त्या टीव्ही अंपायरकडे, जाताच येत नव्हतं. म्हणजे रिप्ले तुम्ही-आम्ही बघत होतो आणि ज्याला निर्णय द्यायचा त्याला तो वापरायची परवानगी नव्हती. ही पण नोंद करून ठेवा, नियमाचा दोष आणि माणसाचा दोष एकाच खात्यात टाकू नका.

२००७ ची कार्डिफमधली क्वार्टर फायनल, फ्रान्स २०, न्यूझीलंड १८, ती तशीच. दामियां त्राईने फ्रेदेरिक मिशालाकला दिलेला पास सरळ पुढे गेला होता, रेफरी वेन बार्न्सला तो दिसला नाही, त्याच मूव्हवर जोझिओनने ट्राय केला, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या लाइनपलीकडे नेऊन टेकवला. तेव्हा टीएमओला आधीच्या मूव्हमधला फॉरवर्ड पास बघायची परवानगी नव्हती. रग्बीत हाताने पास पुढे देता येत नाही. फॉरवर्ड पास तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा, पास जमिनीवरच्या रेषांवरून मोजायचा नसतो, हातातून बॉल कुठल्या दिशेने सुटला ते बघायचं, कारण जोरात पळणाऱ्याने मागे दिलेला पास सुद्धा त्याच्या वेगामुळे मैदानावर थोडा पुढे सरकतो. या एका कारणाने निम्म्या तक्रारी गळून पडतात. पण त्राईचा पास या हिशोबाने पण पुढेच होता.

आता दुसरा प्रश्न, निकाल बदलला का. इथे घड्याळ आणि स्कोअर दोन्ही लिहा. २००७ ला तो ट्राय ६९ व्या मिनिटाला झाला, म्हणजे न्यूझीलंडला दोन पॉइंट मागे असताना अकरा मिनिटं मिळाली. एक ड्रॉप गोल, म्हणजे खेळ चालू असताना बॉल जमिनीवर टाकून खांबांमधून मारलेली किक, म्हणजे तीन पॉइंट, तेवढं पुरलं असतं, पण नीट जागेवर येऊन शांतपणे ड्रॉप गोल मारायची तयारी त्या टीमची दिसली नाही, एक लांबून मारला तो गेला नाही. त्यामुळे बार्न्सने तो निकाल ‘ठरवला’ हे मला पटत नाही, त्याने एक मोठी चूक केली आणि त्यानंतर अजून अकरा मिनिटं रग्बी झालं. जुबेरच्या वेळी तसं काही उरलंच नव्हतं. जेवढा वेळ कमी तेवढं त्या चुकीचं वजन जास्त.

मग चुकीच्या निर्णयाच्या जागी बरोबर निर्णय ठेवून बघा, आणि इथे बहुतेक सगळे घसरतात. आपण काय करतो, फोलीचे तीन पॉइंट वजा करतो आणि म्हणतो ३४-३२, स्कॉटलंड जिंकलं. पण बरोबर निर्णय काही ‘खेळ संपला’ असा नव्हता, तो ऑस्ट्रेलियाला स्क्रम असा होता, तोही स्कॉटलंडच्या हद्दीत. तिथून ऑस्ट्रेलियाने ड्रॉप गोल मारला असता किंवा स्क्रममध्येच पेनल्टी मिळवली असती किंवा बॉल घालवला असता. मला विचाराल तर स्कॉटलंडची बाजू वरचढ होती, ओल्या बॉलने घाईत काहीतरी घडवणं सोपं नसतं, पण ‘वरचढ होती’ आणि ‘जिंकलेच असते’ यात फरक आहे.

यानंतर वहीत तो कॉलम येतो जो चाहत्यांना आवडत नाही, स्वतः सोडलेले पॉइंट. त्या मॅचमध्ये ऑस्ट्रेलियाने पाच ट्राय केले, स्कॉटलंडने तीन, आणि फोलीने पाचपैकी तीन कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन पॉइंटची किक) सोडले, म्हणजे सहा पॉइंट. ऑस्ट्रेलिया हरली असती तर दुसऱ्या दिवशी तिकडे सगळे फोलीच्या किकबद्दल बोलले असते आणि त्या शिट्टीचं नाव पण निघालं नसतं. किंवा २०११ ची सेमीफायनल घ्या, फ्रान्स ९ वेल्स ८, वेल्सचा कॅप्टन सॅम वॉरबर्टनला पहिल्या वीस मिनिटांतच अलेन रोलांने रेड कार्ड दिलं. खेळाडूला उचलून उलटा टाकला होता, नियमाने ते रेडच होतं, मला त्यात शंका वाटत नाही, आणि तरी चौदा जणांत खेळून वेल्स जिंकू शकत होतं कारण त्यांच्या किका चुकल्या, एक कन्व्हर्जन खांबाला लागलं, शेवटी हाफपेनीची लांबची पेनल्टी थोडक्यात कमी पडली. एका पॉइंटने हरलेल्या मॅचमध्ये प्रत्येक गोष्ट ‘निर्णायक’ असते, त्यातली एकच निवडून रेफरीच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

२०२३ ची फायनल या कॉलमसाठी सगळ्यात चांगला सराव आहे. पॅरिस, आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली होती, साउथ आफ्रिका १२ न्यूझीलंड ११. रेफरी परत वेन बार्न्स. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केनला आधी यलो, मग बंकरने (मैदानाबाहेर बसून रिप्ले बघणारा अधिकारी) रिव्ह्यू करून रेड, उलट साउथ आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसीचं यलो यलोच राहिलं. न्यूझीलंडच्या अॅरन स्मिथचा ट्राय रद्द झाला कारण आधीच्या लाइनआउटमध्ये नॉक-ऑन झाला होता, म्हणजे हातातून बॉल पुढे पडला होता, आणि नॉक-ऑन झालाच होता, पण टीएमओला जितकं मागे जायची परवानगी होती त्यापेक्षा तो मागचा होता. म्हणजे खरं शोधलं पण पद्धत मोडून शोधलं, हे मला अजूनही खटकतं. आता दुसरी बाजू लिहा. थोड्याच वेळात बोडन बॅरेटने ट्राय केला, मुवांगाचं कन्व्हर्जन गेलं नाही, ७३ व्या मिनिटाला जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी गेली नाही. यातली कुठलीही एक किक गेली असती तर न्यूझीलंड पुढे होतं.

तिसरा प्रश्न अन्यायाचा, इथे पेनल्टी मोजून काही सिद्ध होत नाही. एका टीमविरुद्ध चौदा आणि दुसरीविरुद्ध सहा असतील तर पहिली टीम जास्त वेळ स्वतःच्या लाइनजवळ बचाव करत असेल, दमलेली माणसं ऑफसाइड जातात, साधी गोष्ट आहे. बघायचं हे की तीच चूक दोन्ही बाजूंनी झाल्यावर निर्णय सारखाच आला का. २०२१ ला ब्रिटिश आणि आयरिश खेळाडूंच्या लायन्स टीमविरुद्ध पहिली टेस्ट २२-१७ हरल्यावर साउथ आफ्रिकेच्या रासी इरॅस्मसने रेफरी निक बेरीच्या निर्णयांवर बासष्ट मिनिटांचा व्हिडिओ केला, त्यातले काही मुद्दे रग्बीच्या दृष्टीने विचार करण्यासारखे होते, पण एकाच बाजूच्या क्लिप लावल्या की कुठलाही रेफरी पक्षपातीच दिसणार. इरॅस्मसवर बंदी आली. तुम्ही घरी करताना नियम ठेवा की आपल्या टीमविरुद्धची एक क्लिप काढली की आपल्या बाजूने सुटलेली एक शोधायची, सापडेपर्यंत.

आणि एक प्रकार या तिन्ही प्रश्नांत नीट बसत नाही. सप्टेंबर २०२२, मेलबर्न, ऑस्ट्रेलिया ३७-३४ पुढे, शेवटची मिनिटं, त्यांनाच पेनल्टी, परत फोलीच, बॉल बाहेर मारायला वेळ लावतोय. रेफरी मातियू रेनालने घाई करायला सांगितलं, मग शिट्टी मारून न्यूझीलंडला स्क्रम दिला, तिथून जॉर्डी बॅरेटचा ट्राय, ३९-३७. वेळ काढला तर असं करायचा अधिकार रेफरीला आहे, म्हणजे निर्णय चुकीचा नाही. पण इतर मॅचमध्ये टीम याहून जास्त वेळ काढतात आणि कुणी काही म्हणत नाही. मला विचाराल तर निर्णय बरोबर असून मॅच अन्यायाने ठरली असं म्हणायला जागा आहे ती इथेच, त्राईच्या पासपेक्षा इथे जास्त.

शक्य असेल तर रेफरीच्या माइकचा आवाज लावूनच बघा, रग्बीत तो ऐकू येतो, आणि तो काय बघून शिट्टी मारतोय हे त्याच्याच तोंडून कळतं. माझे कितीतरी राग तिथेच उतरलेत. आणि वही भरून झाल्यावर उत्तर ‘हो, रेफरीने ठरवली’ असं आलं तरी ते त्या माणसाच्या अकाउंटवर जाऊन लिहू नका, कळकळीने सांगतोय. बार्न्सला २००७ नंतर जीवे मारायच्या धमक्या आल्या, २०२३ च्या फायनलनंतर त्याच्या घरच्यांपर्यंत गेल्या, आणि त्या मॅचचा टीएमओ टॉम फोली हाच त्रास सांगून इंटरनॅशनल मॅचमधून बाजूला झाला.

माझ्या वहीत २०१५ च्या पानावर असं आहे. निर्णय चुकला, फुली. निकाल बदलला, बहुतेक हो. अन्याय मुद्दाम, नाही. आणि खाली पेन्सिलने एक ओळ आहे, पाऊस पडतोय, दोन पॉइंट पुढे, मिनिटं संपत आलीत, आपलाच लाइनआउट, बॉल रांगेतल्या पहिल्याच माणसाकडे का नाही फेकला.