बेळगावात नव्याने आलात आणि फीडिंग ब्रा शोधताय?

लग्न होऊन किंवा बदलीमुळे बेळगावात आलेल्या, दिवस गेलेल्या आणि भरलेल्या छातीच्या बाईला इथला बाजार पहिल्या फेरीत बहुधा एकच उत्तर देतो: मोठा नंबर घ्या. गणपत गल्लीत जा, खडेबाजारात जा नाहीतर शहापुरात. 36 होत नाही तर 38, तीही घट्ट तर थेट 42. मोठ्या कपाचे नग लवकर खपत नाहीत म्हणून छोटा दुकानदार ते भरत नाही, आणि जे हाताशी आहे ते तुमच्या गळ्यात मारतो. नंबर वाढला की पट्ट्याचा घेर वाढतो. वजन पेलतो तो हा पाठीमागून फिरणारा पट्टाच. तो सैल झाला की मागून वर सरकतो, सगळा भार खांद्यावर येतो, पट्ट्या रुततात आणि संध्याकाळी मान भरून येते.

म्हणून दुकानात नंबर सांगू नका, दोन मापं लिहून न्या. एक छातीच्या बरोबर खाली, श्वास सोडून, टेप घट्ट धरून. दुसरं सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप सैल ठेवून. छाती ओघळलेली असेल तर जरा पुढे वाकून. समजा खालचं माप 34 इंच आणि वरचं 41 आलं. काही कंपन्या खालचं मापच नंबर म्हणून छापतात आणि उरलेल्या फरकाला, इंचाला एक याप्रमाणे, ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ असा कप देतात. त्या हिशेबाने तुम्ही 34 एफ. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या खालच्या मापात चारेक इंच मिळवून नंबर काढतात, म्हणजे त्याच तुम्ही 38 सी. दोन्ही बरोबर. घोळ होतो तो एका रीतीचा नंबर दुसऱ्या रीतीच्या कंपनीत मागितल्यावर. खोक्यावर किंवा तक्त्यात खालच्या घेराचे सेंटिमीटर दिलेले असतात, तेच बघा. 34 इंच म्हणजे 86 सेंटिमीटर.

छोट्या दुकानांत घालून बघायची सोय क्वचितच असते. टेप सोबत ठेवा. मागचे आकडे (हुक) सर्वांत सैल ओळीत लावून पट्टा दोन्ही हातांनी पूर्ण ताणा. ताणलेली लांबी तुमच्या खालच्या मापाच्या आसपास यायला हवी. तीन-चार इंच जास्त भरली तर ती ब्रा पंधरा दिवसांत लोंबणार. गल्ल्यावर पुरुष असेल आणि संकोच वाटत असेल तर दुपारी गर्दी नसताना जा, आत बाई आहेत का ते सरळ विचारा. शहरात मराठी चालते. चिकोडी-गोकाककडे गेलात तर घट्ट होतंय हे कानडीत ‘बिगी’ म्हटलं की कळतं.

भरलेल्या छातीला पट्टा रुंद हवा, मागे तीन किंवा चार आकड्यांच्या ओळी, खांद्याची पट्टी बोटाएवढी तरी रुंद आणि कमी ताणणारी. कापड सुती, थोडं इलॅस्टिक चालेल. कप उघडल्यावर आत खांद्यापासून खालपर्यंत आधाराची पट्टी राहते की नाही ते उघडूनच बघा. नुसता कप गळून पडणारी ब्रा पाजताना काहीच पेलत नाही. पुढून बटणांची स्वस्त सुती ब्रा बाळंतविड्यात हमखास येते. रात्री निजताना ठीक, दिवसभर नाही. बटणांमध्ये फटी पडतात. तार असलेली सुरुवातीचे महिने नकोच. दूध भरून छाती एका दिवसात वाढते, तार मात्र जागची हलत नाही, आणि दाबाखाली दुधाची गाठ होऊ शकते. घट्ट स्पोर्ट्स ब्राचंही तेच.

चौथ्या-पाचव्या महिन्यात घेताना सर्वांत घट्ट आकड्यावर बसणारी घ्या, कारण पोटाबरोबर बरगड्यांचा घेरही वाढतो. आठव्या-नवव्यात घेताना उलट: सैल आकड्यावर बसणारी, म्हणजे बाळंतपणानंतर आवळता येईल. कपात एका कपाची जागा ठेवा. प्रसूतीनंतर दोन ते पाच दिवसांत दूध उतरतं तेव्हा ती लागते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर निघण्याआधी दोनच घ्या. महागातली घ्यायची तर दीड महिन्याने, माप स्थिरावल्यावर. मध्ये फक्त घेर अपुरा पडला तर आकड्यांची जोडपट्टी मिळते, किरकोळ पैशांत.

पावसाळ्यात मात्र दोनांवर भागत नाही. खानापूरकडे तर कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा चार हव्यात. दमट ब्रा घातली की छातीखालच्या घडीत खाज आणि लाल चट्टे येतात. घडीत जुन्या धोतराची मऊ पट्टी ठेवा, ओली झाली की बदला. धुताना पिळू नका; टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे नीट बसणारी, बिनतारेची, पूर्ण कपाची साधी सुती ब्रा घेऊन तिची फीडिंग ब्रा करणं. ब्लाउज शिवणारी बाई हे करून देईल, पण सांगावं नेमकं लागतं. कप उघडायच्या क्लिपची जोडी खांदापट्टीच्या रुंदीचीच घ्या, नाहीतर सरकते. ब्रा घालून, खांदापट्टी जिथे कपाला मिळते तिथून बगलेखाली पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढी न ताणणारी सुती टेप आतून जोडून घ्या. इथे इलॅस्टिक लावलं तर कप उघडताच सगळं खाली येतं. मग खांदापट्टी कपाच्या टोकाशी कापायची, क्लिपचा एक भाग पट्टीला, दुसरा कपाला. टेपचं वरचं टोक खांदापट्टीलाच शिवलेलं राहिलं पाहिजे, कपाला नाही. शिवण झिगझॅग हवी, सरळ टाक्याचा दोरा ताणाबरोबर तुटतो. आधी एकच बाजू करून घ्या, एका हाताने उघडते का बघा, मग दुसरी.

ऑनलाइन झिवामे, क्लोव्हियावर मोठे कप मिळतात; नर्सिंग किंवा मॅटर्निटी असं शोधा. परत घेतात की फक्त बदलून देतात, आणि तुमच्या पिनकोडवरून ते उचलतात का, हे पैसे भरण्याआधी वाचा. पहिल्या वेळी एकच नग मागवा.

छातीवर एखादी जागा लाल, कडक आणि गरम झाली, थंडी वाजून ताप आला तर नवी ब्रा शोधत बसू नका. घातलेली सैल करा, त्याच बाजूने पाजत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.