फोरहँड बिघडलाय? आधी डावा हात बघा

माझ्याकडे टेनिस शिकायला येणारी निम्मी पोरं बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर क्रिकेट खेळून तयार झालेली. नजर बसलेली, पाय चपळ. पण फोरहँड, म्हणजे उजव्या बाजूचा फटका, मारला की बॉल एकतर नेटात, नाहीतर थेट कंपाउंडबाहेर. 'सर, मनगट कमी पडालंय काय वो?' हा ठरलेला प्रश्न. मनगटाचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. मी आधी त्यांचा डावा हात बघतो, आणि तो कमरेपाशी नुसता लोंबकळत असतो. (डावखुऱ्यांनी पुढचं सगळं उलटं करून वाचावं.)

बॉलची वाट बघताना रॅकेटचा गळा, म्हणजे तारांच्या खाली जिथं फ्रेमचे दोन फाटे जुळतात तो भाग, डाव्या हाताच्या बोटांत धरा. समोरचा खेळाडू बॉल मारायला लागला की छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर या. हीच स्प्लिट स्टेप. बॉल उजवीकडे येतोय असं कळलं की रॅकेट हातानं मागं ओढू नका. डावा हात गळ्यावर ठेवूनच खांदे वळवा, रॅकेट त्यांच्याबरोबर जाते. मग डावा हात सोडा, पण खाली टाकू नका. तो उजव्या साइडलाइनकडे ताणलेला राहू दे. तो तसा राहिला तर खांदे वळलेले राहतात, आणि फोरहँडची ताकद त्या वळण्यात असते, दंडात नाही. मी 'वळ' म्हणून ओरडलो की मराठी पोरगं वळतं, 'तिरगु' म्हटलं की कानडी. डावा हात दोघांचाही तेवढाच आळशी.

हे जमतंय का ते मोबाइलवर तपासा. मित्राला बाजूनं व्हिडिओ घ्यायला सांगा आणि बॉलचा टप्पा तुमच्या बाजूला पडतो त्या क्षणी तो थांबवा. डावा खांदा नेटकडे आणि डावा हात पसरलेला दिसला पाहिजे. टप्पा पडल्यावर वळायला सुरुवात होत असेल, तर पुढचं काहीही सुधारून उपयोग नाही.

ग्रिपचं थोडक्यात सांगतो. दांड्याला आठ बाजू असतात. रॅकेटची कड जमिनीकडे करून धरा, वरची बाजू एक समजा आणि दांड्याच्या बुडाकडून बघत घड्याळाच्या दिशेनं मोजा. तर्जनीच्या मुळाचं हाड तिसऱ्या बाजूवर आलं की ईस्टर्न, चौथीवर आलं की सेमी-वेस्टर्न. दोन्ही चालतात. क्रिकेटवाल्यांचा हात सहसा दुसरीवर बसतो, ती कॉन्टिनेंटल. सर्व्ह आणि व्हॉलीला (टप्पा पडायच्या आत मारलेला फटका) ती उत्तम, पण बॉल छातीपर्यंत उडाला की रॅकेटचं तोंड आकाशाकडे होतं. कंपाउंडबाहेर गेलेले बरेच बॉल इथले.

आता मारायचं. रॅकेटचं डोकं बॉलच्या खाली सोडा, आधी कंबर फिरू दे, हात मागून येऊ दे. जोंधळ्याच्या रानात गोफण फिरवणाऱ्याचा हात बघा, दगड सुटेपर्यंत तो सैलच असतो. बॉल पुढच्या पायाच्याही जरा पुढं लागला पाहिजे. खालून वर जाणाऱ्या रॅकेटनं टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेनं फिरकी, मिळतो, आणि नेटच्या चांगला 3 फूट वरून गेलेला बॉलही मग बेसलाइनच्या आत उतरतो. नदालसारखा डोक्यावरून जाणारा फॉलो-थ्रू (फटक्यानंतर रॅकेटचा पुढचा प्रवास) लगेच करायला जाऊ नका. रॅकेट डाव्या खांद्यापाशी नेऊन डाव्या हातानं झेला, एवढं पुरे.

बॉल पुढं घ्यायची सवय लावायला एक खेळ आहे. रॅकेट बाजूला ठेवा. मित्रानं खालून हलकेच बॉल टाकावा. तुम्ही खांदे वळवा, परत फिरा आणि एका टप्प्यानंतर बॉल उजव्या बाजूला, शरीराच्या पुढं, डाव्या हातानं झेला. बॉल मागं गेला तर डावा हात तिथं पोचतच नाही.

रॅलीत आधी क्रॉसकोर्टच, म्हणजे कोर्टाच्या तिरक्या कोपऱ्यात, मारा; बॉल नेटच्या मधल्या भागावरून जातो. नेट मधोमध 3 फूट आणि खांबांपाशी साडेतीन. शिवाय 78 बाय 27 फुटांच्या सिंगल्स कोर्टात कर्णावर साडेचार फूट जास्त जागा मिळते. साइडलाइनला धरून सरळ मारायची हौस नंतर.

बेळगावचा पाऊस जून ते सप्टेंबर कोर्टावर फारसं उतरू देत नाही. तेव्हा पार्किंगमधली गिलावा केलेली भिंत शोधा, उघड्या जांभ्या दगडावर बॉल वाटेल तिकडं उडतो. खडूनं 3 फुटांवर रेघ मारा आणि बॉल तिच्या बऱ्यापैकी वर लागू दे. जोरात मारू नका, नाहीतर बॉल इतक्या लवकर परत येतो की वळायला वेळच मिळत नाही आणि डावा हात पुन्हा कमरेला येतो. भिजून जड झालेले बॉल वापरू नका. कोपर दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा, आणि पुढच्या वेळी मूठ किती आवळताय ते आधी बघा.