फलप्रामाण्यवाद शिकताना या चुका टाळा

फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम) म्हणजे एखाद्या कल्पनेचा अर्थ आणि खरेपणा तिच्या प्रत्यक्ष परिणामांवरून तपासणारं अमेरिकन तत्त्वज्ञान; पर्स, विल्यम जेम्स आणि ड्यूई हे त्याचे तीन मुख्य विचारवंत. पण ‘जे उपयोगी पडतं ते खरं’ एवढं एक वाक्य पाठ करून वादाला उभे राहणारे इतके भेटतात की आता वैताग येतो.

आमच्या वाचनगटातल्या एका मुलाने जुन्या पुराचा फोटो कालचा म्हणून फिरवला होता. कोणीतरी हटकलं, तर म्हणतो, “मदत जमली ना? मग विल्यम जेम्सच्या हिशेबाने फोटो खराच.” जेम्सची १९०७ची व्याख्यानं त्याने उघडूनही पाहिली नव्हती, एक व्हिडिओ पाहिला होता, तोही दुप्पट वेगाने. मी विचारलं, तुझा दावा काय? ‘हा फोटो कालचा आहे.’ तो खरा असेल तर काय आढळायला हवं? तिथल्या लोकांना फोटोतला पूल ओळखता यावा, आणि हाच फोटो आधी कुठे छापलेला सापडू नये. शोधल्यावर तो काही वर्षांपूर्वीच्या बातमीत मिळाला. मदत जमली हे खरं, पण त्याने दावा खरा ठरत नाही. तरीही तो अडूनच बसला. शेवटी ड्यूईला पुढे करावं लागलं: परिणाम मोजायचे तर सगळे मोज. पुढच्या खऱ्या आवाहनावर कोणी विश्वास ठेवला नाही, तर तोही तुझ्या साधनाचाच परिणाम. साध्य चांगलं म्हणून साधन माफ, असं ड्यूई कुठेच म्हणत नाही.

माझी सवय साधी आहे. कुठलाही दावा वाचला की समासात लिहायचं: खरं असेल तर काय आढळेल? पर्सने १८७८च्या निबंधात हिऱ्याचा कठीणपणा असाच उलगडला आहे: इतर अनेक पदार्थांनी त्यावर ओरखडा उठत नाही.

जेम्सचा १८९६चा श्रद्धेवरचा निबंध म्हणजे वाटेल ते मानायचा परवाना नव्हे. पुराव्याने निकाल लागत नाही, निवड टाळता येत नाही आणि ती महत्त्वाची आहे, अशाच ठिकाणी तो सूट देतो.

तिघांना एकाच माळेत ओवू नका. आपला सिद्धांत इतरांनी ओढूनताणून वापरलेला पाहून पर्सने १९०५मध्ये त्याला मुद्दाम नवं नाव दिलं, कोणी पळवून नेणार नाही इतकं कुरूप.

याच परंपरेतल्या, पण बऱ्याच नंतरच्या रॉर्टीपासून सुरुवात करू नका. तो कोणाशी भांडतोय हेच कळणार नाही.

आधी पर्स, मग जेम्स, मग ड्यूईचं १९२२चं ‘ह्यूमन नेचर अँड कंडक्ट’. ड्यूईची वाक्यं जड आहेत, एका बैठकीत दहा पानं झाली तरी पुष्कळ. सारांश वाचून भागवायचं असेल, तर निदान वाद घालायला येऊ नका.