लॅपटॉपसाठी बाहेरचा डायल-अप मोडेम निवडताना

काही जुन्या यंत्रणांशी मला अजूनही टेलिफोनच्या तारेवरूनच संपर्क साधावा लागतो आणि नव्या लॅपटॉपला ना सिरियल पोर्ट (जुने मोडेम जोडायची खाच), ना आतला मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून डेटा पाठवणारे उपकरण. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात यूएसबी मोडेम शोधला. स्वस्त मोडेम बरेचसे काम लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ढकलतात, त्यामुळे योग्य ड्रायव्हर नसेल तर ते निरुपयोगी ठरतात. मी ते काम स्वतःच करणारा कंट्रोलर (नियंत्रक चिप) असलेला, व्ही.९२ या डायल-अप मानकाचा मोडेम घेतला. लिनक्सने तो लगेच ओळखला आणि मोडेम तपासण्याची ‘एटी’ (AT) ही आज्ञा टाइप करताच ‘ओके’ उमटले. वीज यूएसबीतूनच मिळते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. लोकलने फिरणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. मात्र कार्यालयातील डिजिटल इंटरकॉमच्या तारेला तो जोडू नये, जळू शकतो. शिवाय अशा मोडेमचा ५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) हा केवळ डाउनलोडचा कमाल वेग असून, दोन साधे मोडेम एकमेकांशी जोडले तर वेग ३३.६ केबीपीएसच्या वर जात नाही.